रणगाड्यातून धूर काढायला गेलो आणि हीटरच जळला

पट्टेवाला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १/१६ स्केलचा रिमोटवाला टी-३४-८५ रणगाडा आहे. आवाज आहे, दिवे आहेत, गोळी झाडली की तोफ मागे सरकते. धूर तेवढा नव्हता. म्हणून हीटर आणि पंप एकत्र असलेलं तयार स्मोक युनिट आणलं, दोन वायरी बॅटरीला जोडल्या आणि आत भरपूर तेल ओतलं. पहिलं मिनिटभर काहीच नाही, नुसतं गुडगुड. मग थोडं तेल बाहेर थुंकलं. त्यानंतर जो धूर सुटला, अहाहा! घरचे धावत आले. दहाएक मिनिटं मी नुसता पुढे-मागे करत बसलो होतो. मग जळकट वास, एक बारीक चट् असा आवाज आणि सगळं थंड. पंप अजून फिरतोय, धूर नाही. युनिटवर ७.२ व्होल्ट लिहिलंय. बॅटरी दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर). काय चुकलं?

जुनी_वात

आयडी वाचून वाटलं होतं हापिसात दारापाशी स्टुलावर बसून लिहिताय. असो, पट्ट्यांचा मालक भेटला म्हणून बरं वाटलं. :)

तुमचं बरंच काही चुकलंय, पण यात कमीपणा नाही. पहिला हीटर सगळेच जाळतात. मी तीन जाळले.

मुळात हा धूर नव्हेच. काही जळत नाही, जळता कामा नये. वातीने तेल वर ओढायचं, वातीभोवतीच्या तारेने ते तापवून वाफ करायची, पंपाच्या हवेने ती वाफ नळीतून ढकलायची. बाहेरच्या गार हवेत तिचे बारीक थेंब होतात, तोच आपला 'धूर'. म्हणजे धुकं म्हणा ना.

आता तुमची गोष्ट उलगडून बघा. तेल जास्त ओतलंत, त्यामुळे तार तेलात बुडाली. बुडालेली तार अख्ख्या टाकीतलं तेल कोमट करत बसते, वाफ होत नाही. ते तुमचं गुडगुड. थोडं तेल बाहेर फेकलं गेलं, पातळी खाली आली, तार उघडी पडली आणि मग धूर जमला. पुढे तेल संपलं. कोरड्या वातीवर तार तापत राहिली, वात कोळसा झाली, तार तुटली. चट्.

शिवाय दोन सेलची लिपो पूर्ण चार्ज असते तेव्हा ८.४ व्होल्ट देते. माझ्याकडच्या अशाच युनिटचा रोध १० ओहम आहे. ७.२ व्होल्टला त्यात ५.२ वॉट उष्णता होते, ८.४ ला ७ वॉट. व्होल्टेज वाढलं थोडंसंच, पण शक्ती वर्गाच्या हिशेबाने वाढते, म्हणून छत्तीस टक्के जास्त. वात ओली असेपर्यंत ते खपून जातं.

युनिट उघडा, आत काय दिसतंय सांगा.

धुमकेतू

हीटरच्या नादी लागूच नका. बारीक जाळीची अल्ट्रासॉनिक चकती मिळते, पाच व्होल्टवर चालते. कापसाची ओली वात तिच्या पाठीला टेकवायची की पाण्याचा फवारा सुरू. तेल नाही, वास नाही, काही जळायचा प्रश्नच नाही.

जुनी_वात

@धुमकेतू, तोही प्रयोग करून झालाय. चकती धुराड्याच्या अगदी तोंडाशी बसवता आली तर ठीक. पण आत ठेवून नळीने बाहेर आणायचं म्हटलं तर निम्मं धुकं नळीच्या भिंतीला चिकटून पाणी होतं. जे बाहेर येतं ते थंड आणि जड, खाली जमिनीवर सांडतं, आणि हवा कोरडी असेल तर वीतभर गेलं की गायब. आणि हलमध्ये, म्हणजे रणगाड्याच्या खालच्या पेटीत, पाणी. गिअरबॉक्सचे स्क्रू गंजले की मग कळतं.

पट्टेवाला

उघडलं. झाकणाचे चार स्क्रू काढले, आत चौकोनी डबी. एका बाजूला पिस्टनचा पंप, दुसऱ्या बाजूला तेलाची टाकी. टाकीच्या आडवी एक पांढरी दोरी असणार. आता मधला बोटभर भाग काळाकुट्ट आहे आणि चिमट्याने धरल्यावर राखेसारखा भुगा झाला. तारेचे वेढे एकमेकांना चिकटलेत, एका जागी तुटलीय, टोकाला बारीक गोळी झालीय. टाकीच्या तळाला मधासारखं तपकिरी काहीतरी. मल्टिमीटर लावला तर सर्किट उघडं.

नवीन युनिट आणू का हेच दुरुस्त होईल?

जुनी_वात

होईल की! नवीन आणलंत तर तेही असंच जाळाल.

नायक्रोम तार आणा, ०.१५ मिलिमीटर जाडीची. तिचा रोध मीटरला साधारण ६२ ओहम असतो, म्हणजे १० ओहमला १६ सेंटिमीटर पुरते. जोडणीसाठी दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर जास्त ठेवा. वातीसाठी काचधाग्याची दोरी, दोन मिलिमीटरची. सुती दोरी अजिबात नको. वातीवर वीस-बावीस वेढे बसतील. दोन वेढ्यांमध्ये तारेच्या तीन-चार पट फट ठेवा. वेढे एकमेकांना टेकले की तेवढा रोध कमी होतो आणि उरलेली तार जास्त तापते. तुमच्या चिकटलेल्या वेढ्यांनी हेच केलं असणार.

नायक्रोमला सोल्डर धरत नाही. धरल्यासारखं वाटतं, मग तापल्यावर सुटतं. पितळेची बारीक नळी घ्या, त्यात तार आणि वायर दोन्ही घालून पक्कडीने दाबा.

वातीची दोन्ही टोकं खाली तळाला टेकली पाहिजेत आणि तारेचा भाग तेलाच्या वर राहिला पाहिजे. युनिट बसवताना बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. तेल दहा-पंधरा थेंब, बस्स. ड्रॉपरने मोजून घाला, बाटलीने ओतू नका.

बंद करण्याआधी खोलीत अंधार करून एकदा बघा. तार लाल दिसली तर ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त तापलीय, लगेच बंद करा. ओल्या वातीवरची तार लाल होत नाही.

नवशिका_७

मध्येच विचारतो, तेल नक्की कुठलं? घरात केसाचं आहे, रॉकेल आहे, गाडीचं इंजिन ऑइल आहे...

पिपेट

यातलं एकही नाही. रॉकेल आणि डिझेल तर हात जोडून सांगते, नाही म्हणजे नाही. तापलेली तार, पेट घेणारी वाफ, शेजारी लिपो आणि वरून प्लॅस्टिकचं झाकण. वेगळं काय सांगायचं?

आपल्या कामाचे प्रकार दोनच. एक, मॉडेल रेल्वेच्या इंजिनांसाठी मिळतं ते धुराचं तेल. ते बहुतेक वेळा हलकं, शुद्ध केलेलं खनिज तेल असतं. दुसरा, स्टेजवरच्या धुक्याच्या यंत्रातला द्रव, म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि पाणी. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला. म्हणून नुसतं ग्लिसरीन वापरू नका. ते दाट असतं, वातीत चढत नाही, आणि वात कोरडी पडून जास्त तापलं की त्यापासून अ‍ॅक्रोलीन तयार होतं. डोळ्यांत पाणी आणणारा, घशाला झोंबणारा वायू आहे तो. फोडणी करपल्यावर जो ठसका लागतो, त्यातला एक गुन्हेगार हाच.

दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळू नका. एकावरून दुसऱ्यावर जायचं असेल तर वात बदला.

आणि खिडकी उघडी ठेवा. तेलाचे बारीक थेंब फुप्फुसात गेले की तिथे ते पचत नाहीत. खेळ दहा मिनिटांचा असेल तर ठीक, पण लहान मुलं धुराड्याला नाक लावून बसतात, त्यांना लांब ठेवा. प्रकाशावर चालणारा धूरसूचक छताला असेल तर तोही बोंबलणार, त्याला हे धुकं आणि खरा धूर यातला फरक कळत नाही.

लोखंडी_हत्ती

सगळे तारेत अडकलेत म्हणून जरा खऱ्या रणगाड्याकडे वळतो. टी-३४ मध्ये व्ही-२ डिझेल होतं, बारा सिलिंडर, ३८.८ लिटर, ५०० अश्वशक्ती. मागच्या उतरत्या पत्र्यातून दोन धुराडी बाहेर येतात. हे इंजिन गार असताना सुरू केलं की पांढुरका धूर, कारण सगळं डिझेल जळत नाही. गरम झाल्यावर उभ्या रणगाड्यातून जवळपास काहीच दिसत नाही. चालकाने एकदम पाय दाबला की काळा लोट, कारण इंधन पटकन वाढतं आणि हवा तेवढ्या वेगाने वाढत नाही. वेग धरला की तो लोटही विरळ होतो.

आणि आपले लोक काय करतात? रणगाडा नुसता उभा असताना अगरबत्तीचा कारखाना! जर्मन टायगर रणगाडावाले त्याहून पुढे. टायगरला मायबाखचं पेट्रोल इंजिन, त्याने असा धूर सोडला असता तर मेकॅनिकला बोलावलं असतं. ज्यांना सतत धूर हवाच आहे त्यांनी ब्रिटिश चीफटन घ्यावा. त्याचं एल-६० इंजिन धुरासाठीच बदनाम होतं, तिथे कुणी नावं ठेवणार नाही.

काळा धूर मात्र या यंत्रातून कधीच येणार नाही. थेंब पांढरेच दिसतात. रंग घालायच्या भानगडीत पडू नका, वात चोंदते.

नवशिका_७

टी-३४ च्या मागे दोन पिंपं असतात, धूर तिथून काढता येईल का?

लोखंडी_हत्ती

बाजूला असतात ती इंधनाची पिंपं. अगदी मागच्या पत्र्यावर दोन लहान दंडगोल दिसत असतील तर ते धुराचे डबे. टी-३४-८५ वर दिसतात. लपण्यासाठी धुराचा पडदा करायला. तिथून काढलात तर चूक नाही म्हणता येणार, पण मग थ्रॉटलशी, म्हणजे वेगाच्या काठीशी, त्याचा संबंध नको. पुढच्या काळात टी-५५ ने हे डबेच काढून टाकले आणि गरम एक्झॉस्टमध्ये थेट डिझेल फवारून पडदा करायला सुरुवात केली. तत्त्व अगदी आपल्या युनिटचंच बघा, गरम जागा, द्रव, वाफ आणि बाहेर धुकं.

पट्टेवाला

वात बदलली, तार गुंडाळली. तिसऱ्या प्रयत्नात ९.८ ओहम आले. पहिल्या दोन वेळा वेढे सरकले, मग वातीची टोकं कपड्याच्या चिमट्यांत ताणून धरली तेव्हा जमलं. बारा थेंब घातले. वीस सेकंदांत धूर!

पण आता वेगळीच तऱ्हा. धूर टरेटच्या (वरच्या फिरत्या बुरुजाच्या) खालच्या फटीतून येतोय, हॅचमधून (त्यावरच्या झाकणातून) येतोय, तोफेतूनसुद्धा येतोय. धुराड्यातून सोडून सगळीकडून. पोरगी म्हणाली, बाबा, तुमचा रणगाडा हरला.

जुनी_वात

हाहा! पोरीचा युद्धाचा अभ्यास चांगला आहे.

नळी कुठेतरी सुटलीय किंवा धुराड्यात अडथळा आहे. मॉडेलची धुराडी बऱ्याचदा आतून भरीव असतात, ती आरपार आहेत का बघा. नसतील तर ४ मिलिमीटरने भोक पाडून आत पितळी नळी बसवा, नाहीतर गरम तेलकट हवा रोज त्याच प्लॅस्टिकवर बसत राहील. युनिटपासून धुराड्यापर्यंत सिलिकॉनची नळी, जमेल तेवढी आखूड. नळीचा उतार युनिटकडे ठेवा, म्हणजे आत जमलेलं तेल परत टाकीत जाईल. मध्ये कुठे झोळ पडला तर तिथे तेल साचतं आणि नळीला बूच बसतं. मग वाफ वाट शोधते आणि तोफेतून निघते.

पट्टेवाला

झोळच होता! गिअरबॉक्सला वळसा घालून नेली होती. युनिट अर्धा इंच वर उचललं, नळी सरळ केली. आता धुराड्यातून येतोय. दोन्ही भोकं ४ मिलिमीटरची पाडली.

आता लोखंडी_हत्ती म्हणतात तसं करायचंय, पाय दाबला की धूर. कसं?

धुमकेतू

सोपं आहे. पंपाची मोटर पट्ट्याच्या एका मोटरला समांतर जोडा, मध्ये चार डायोडचा ब्रिज टाका, म्हणजे रणगाडा पुढे जावो की मागे, पंप एकाच दिशेने फिरेल. वेग वाढला की धूर वाढला.

जुनी_वात

हे चालतं, पण अर्धवट. साधे डायोड असतील तर ब्रिजमध्येच १.४ व्होल्ट खर्च होतात, त्यामुळे हळू चालताना पंप फिरतच नाही. रणगाडा उभा असताना तर शून्य हवा, म्हणजे इंजिन सुरू करतानाचा भपकारा गेला. आणि ज्या पट्ट्याला जोडलंय तो थांबवून वळलात की धूर बंद. सर्वात वाईट म्हणजे हवा बंद असताना हीटर चालूच राहतो.

माझं म्हणणं असं की हीटर आणि हवा वेगळे काढा. दोन वेगळे स्विच, दोन वेगळे हिशेब. उष्णता सावकाश चढते-उतरते, ती जवळपास स्थिर ठेवायची. हवा लगेच बदलता येते, म्हणून नाटक सगळं हवेने करायचं. बहुतेक लोक हीटर चालू-बंद करून धूर कमी-जास्त करायला बघतात आणि मग म्हणतात, धूर उशिरा येतो. येणारच!

मी केलंय ते असं. एक अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारं छोटं सर्किट बोर्ड), दोन लॉजिक लेव्हल मॉसफेट (नॅनोच्या इशाऱ्यावर चालणारे इलेक्ट्रॉनिक स्विच), एक हीटरसाठी, एक पंपासाठी. पंपाच्या मोटरला उलटा डायोड, आणि टोकांवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, नाहीतर ब्रशच्या ठिणग्यांनी रिसीव्हर वेडा होतो. हीटरच्या वायरीत दोन अँपिअरचा फ्यूज. रिसीव्हरचा थ्रॉटल चॅनेल नॅनोला जोडला. त्यात एक ते दोन मिलिसेकंदांचे स्पंद येतात, दीड म्हणजे मध्य. मध्यापासून अंतर मोजलं की थ्रॉटल कळला, दिशा कुठलीही असो.

बॅटरी पूर्ण चार्ज असताना हीटरला ७३ टक्के ड्यूटी देतो (वेगाने चालू-बंद करत ७३ टक्के वेळ चालू), म्हणजे ८.४ व्होल्टवरही त्याला ७.२ एवढीच शक्ती मिळते. व्होल्टेज उतरेल तशी ड्यूटी वाढते.

सुरू करताना वीस सेकंद फक्त हीटर, पंप बंद. मग इंजिनचा आवाज सुरू होताक्षणी पंपाचे तीन जोरदार झटके. त्यानंतर पंप अगदी मंद. पंधरा मिनिटांनी हीटर आपोआप बंद, मी विसरलो तरी. ही शेवटची ओळ तीन हीटर जाळल्यावर लिहिली.

लोखंडी_हत्ती

इथे माझी एक सुधारणा. पंप थ्रॉटलला बांधू नका, थ्रॉटलच्या *वाढीला* बांधा. स्थिर वेगाने पळणाऱ्या टी-३४ ला लोट नको. रिमोटची काठी झपाट्याने पुढे गेली तर अर्धा-पाऊण सेकंद जोरात, मग परत मंद.

जुनी_वात

हे कधी सुचलं नव्हतं! आजच बदलतो. आत्ताचा आकडा वजा पाव सेकंदापूर्वीचा आकडा, धन आला तर झटका. चार ओळींचं काम. वर तेलही कमी लागेल.

टरेट_फिरवी

उशिरा आले. पंप की पंखा? मी छोटा पंखा लावलाय, आवाज कमी येतो.

जुनी_वात

युनिट धुराड्याला चिकटून असेल तर पंखा छान, सलग धार येते. लांब बारीक नळीतून ढकलायचं तर पंख्यात तेवढा दाब नसतो, पिस्टनच हवा. शिवाय पिस्टनचा धूर फक-फक-फक असा तुटक येतो, उभ्या डिझेलला तो शोभतो. टक-टक आवाज इंजिनच्या आवाजात लपतो. लपत नसेल तर स्पीकर बदला.

टरेट_फिरवी

आणि तोफेतून धूर? गोळी झाडल्यावर?

धुमकेतू

केलं होतं. दुसरं युनिट टरेटमध्ये. तोफ मागे सरकते तेव्हा नळी ताणली जाते, आठव्या गोळीला सुटली आणि सगळं तेल टरेटच्या मोटरवर. परत नाही.

पट्टेवाला

मंडळी, अहवाल देतो.

जुनी_वात यांच्याप्रमाणे नॅनो बसवला, लोखंडी_हत्ती यांच्याप्रमाणे वाढीवर चालणारा झटका. हीटर पाऊण अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे २००० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीतून पंधरा मिनिटांत जेमतेम दोनशे. मला वाटलं होतं बॅटरी खाऊन टाकेल.

काल अंगणात चालवला. उतरत्या उन्हात, समोरून प्रकाश. वीस सेकंद काही नाही, मग आवाजाबरोबर भप्, भप्, भप्. तीन गोळे मागे सरकत गेले आणि उभा राहिला तेव्हा नुसती फुंकर. विटांच्या चढावर पुढचा भाग उचलला, काठी दाबली आणि मागून एकच जाड लोट निघाला. पोरगी काही बोलली नाही, पण तिने रिमोट मागितला.

दोन तक्रारी. एक, चढावर तेल थोडं उडालं आणि मागच्या पत्र्यावरचा चिखलाचा रंग तेलकट झाला. महिनाभर पावडर लावून केलेली धूळ होती ती.

दोन, उजव्या धुराड्यातून जास्त येतो, डाव्यातून कमी. एका नळीच्या दोन करणारा वाय जोड लावलाय.

जुनी_वात

तेल उडायचं थांबवायला टाकीच्या तोंडाशी काचेच्या लोकरीची सैल गुंडी ठेवा. वाफ जाते, थेंब अडतात. हातमोजे घाला, ती लोकर टोचते. मळलेली धूळ आता परत करा, आणि यावेळी वरून मॅट वार्निशचा हात द्या म्हणजे पुसता येईल.

वाय जोडाचं म्हणाल तर उजवी नळी आखूड असणार. हवा सोपी वाट धरते. उजव्या नळीला बारीक चिमटा लावा, थोडा-थोडा आवळत जा.

पट्टेवाला

चिमटा लावला. जास्त आवळला, तर आता डावीकडून जास्त येतोय. परत अर्धा आटा सैल करतो.